प्लास्टिकचा खालचा जबडा: बाहेरून झकास, आतून सपाट

कॉलेजातलं खरं हाड हातात यायचं म्हणजे दहा जणींची रांग. म्हणून घरी पाठांतराला हा मँडिबल, म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाचं प्लास्टिकचं मॉडेल, मागवला. चार महिने वापरून मग लिहितेय.

आधी चांगलं सांगते. बाहेरची बाजू झकास उतरलीये. हनुवटीचा उंचवटा, तिरकी रेषा, जबड्याचा कोन, सगळं बोटाला लागतं. कोनाजवळ मॅसेटर चिकटतो तिथला खडबडीतपणासुद्धा आहे. (दात आवळून गालावर हात ठेवा, जो गोळा टणक होतो तो हाच स्नायू.) मागच्या भागाची वरची दोन टोकं, पुढचं कोरोनॉइड आणि मागचं कॉन्डाइल, यांमधली खाचही नीट खोल आहे. रात्री दिवा घालवून मी नुसत्या स्पर्शावर नावं घोकायचे.

मग आतली बाजू बघितली आणि वैतागले. जीनियल ट्युबरकल (हनुवटीच्या मागचे बारीक उंचवटे) चार हवेत, दोन वर, दोन खाली. वरच्या जोडीला जिनिओग्लॉसस हा स्नायू चिकटतो, खालच्या जोडीला जिनिओहायॉइड. इथे सगळ्यांचं मिळून एकच गुळगुळीत टेंगूळ! मायलोहायॉइड रेषा (त्याच नावाचा स्नायू चिकटतो ती) दाढांपाशी चांगली ठसठशीत हवी, ती नेमकी तिथेच विरून गेलीये. लिंग्युला (हाडाचं छोटं जिभेसारखं टोक) तर शोधूनही सापडेना. सात नंबरचा स्टिकर बरोबर त्याच्या जागेवर. नखाने खरवडून काढला, तर खाली सपाट.

आता हे कसं चालेल? खालच्या दाढा बधिर करायला सुई याच भागात न्यायची असते. लिंग्युलाच्या आडोशाला मँडिब्युलर फोरामेन (फोरामेन म्हणजे हाडातलं भोक), त्यातून नस हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून पुढे येते आणि तिचा एक फाटा प्रीमोलरखालच्या मेंटल फोरामेनमधून बाहेर पडतो. मी यू-पिन सरळ करून आत घातली, जरा आत जाऊन अडली. पुढचं मेंटल फोरामेन म्हणजे नुसता खळगा, आणि त्याचंही तोंड पुढे. मोठ्या माणसात ते मागे आणि वर वळलेलं असतं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नेमकं हेच विचारलं, मी बेधडक ‘पुढे’ म्हणाले आणि सरांनी चष्म्यावरून बघितलं. त्या बघण्याचे मी या मॉडेलचे दोन स्टार कापलेत.

दात सुटे निघतात, ही गंमत आहे. पण खालच्या दाढांना साधारण दोन मुळं असतात, इथे पटाशीपासून दाढेपर्यंत सगळ्यांना एकच खुंटी. उजवी अक्कलदाढ दुसऱ्याच दिवशी कपाटाखाली गेली, ती गेलीच.

पॅकिंग ठीक. प्लास्टिकचा वास दोन दिवसांत जातो.

पाचपैकी तीन. बाहेरची बाजू घोकायला खुशाल घ्या, आतल्या बाजूसाठी रांगेत उभ्या राहा. स्टिकरच्या जागी मी स्केचपेनने लिंग्युला काढलाय. हात लागला की पुसतो, म्हणून जबडा आता कपाटाच्या वरच्या फळीवर असतो.