अकरावीला एसपी घेतलेल्याने छत्तिसाव्या वर्षी गणित कुठून शिकावं? एनआयओएस, बोर्ड, इग्नू, रात्रशाळा की नुसता मोबाइल

मी पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत स्पेअर पार्टच्या काउंटरला आहे. पगार हातात साडेअठरा येतो, त्यातले सात भाड्यात जातात. अकरावी कॉमर्सला गणित की एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, असं विचारतात तेव्हा सगळ्या मित्रांनी एसपी लिहिलं म्हणून मीपण लिहिलं, आणि दहावीनंतर गणिताशी जो संबंध तुटला तो तुटलाच. गेल्या वर्षी आठवीतल्या पोरीने बैजिक राशींचे अवयव विचारले आणि मी म्हटलं आईला विचार. तिची आई म्हणाली बाबांना विचार. त्या रात्री ठरवलं की आता हे शिकायचं, आणि जमलं तर पुढे बीएस्सीपर्यंत जायचं, हसायचं त्याने हसावं.

मग सहा-सात महिने नुसती चौकशी केली. त्यात एक गोष्ट लक्षात आली ती आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. शिकायला चार गोष्टी लागतात: पुस्तक, शिकवणारा, परीक्षेची तारीख आणि वही तपासणारं कुणीतरी. पहिल्या दोन आज फुकट मिळतात, अगदी चांगल्या मिळतात. त्यामुळे खिशात कमी पैसे असतील तर ते पुस्तक आणि लेक्चरवर घालवू नका, तारीख आणि वही तपासणं यासाठी ठेवा. क्लासवाले मात्र नेमकं उलटं विकतात, सहाशे व्हिडिओ देतात आणि वही कुणी बघत नाही.

आता एनआयओएस, म्हणजे घरी अभ्यास करून दहावी-बारावी देता येते ती मुक्त शाळा, की आपलं राज्य बोर्ड. माझ्यासारखी बारावी झालेली असेल आणि फक्त गणित जोडायचं असेल तर दोन्हीकडे सोय आहे. एनआयओएसला पार्ट अ‍ॅडमिशन म्हणतात, म्हणजे सगळे विषय नको, एकच विषय घ्या. बारावीच्या गणिताचा कोड ३११, दहावीचा २११. आपल्या बोर्डात याला तुरळक विषय म्हणतात आणि तिथे बारावीचं गणित दोन प्रकारचं आहे, कला-विज्ञानवाल्यांचं कोड ४० आणि कॉमर्सवाल्यांचं कोड ८८, आणि हे दोन वेगळे पेपर आहेत हो, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी पुढे ज्या कोर्सला जायचंय तिथे कुठलं चालतं ते विचारून घ्या, नाहीतर पास होऊनसुद्धा गणित नसल्यासारखंच.

बोर्डाची जमेची बाजू म्हणजे इथल्या कुठल्याही क्लार्कला ती मार्कशीट बघायची सवय आहे, कुणी भुवया उंचावत नाही. पुस्तकं बालभारतीची, पीडीएफ ई-बालभारतीच्या साइटवर फुकट आणि जुनी छापील प्रत अप्पा बळवंत चौकात मिळून जाते. अडचण वेळेची. ८० मार्कांचा लेखी पेपर असला तरी उरलेल्या २० साठी कॉलेजात जावं लागतं आणि ते कॉलेज सकाळी चालतं, आणि सकाळी मी काउंटरला. मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे आमच्याकडे मार्च एंडिंगची मरमर सुरू असते तेव्हाच.

एनआयओएसचं याउलट. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षं मुदत. पाच वर्षं! आजारपण, पोरीची अ‍ॅडमिशन, गावाकडचं लग्न, सगळं मध्ये येऊन गेलं तरी नाव कटत नाही. २० टक्के मार्क घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला, पास व्हायला ३३ टक्के. पुस्तक त्यांच्या साइटवर फुकट. पैसे किती, तर एका विषयाचे हजारांत मोजायला एका हाताची बोटं पुरून उरतात. पुण्यात त्यांचं प्रादेशिक कार्यालयही आहे. आणि एनआयओएस म्हणजे खासगी काहीतरी असं आमच्या शेठला वाटत होतं तसं अजिबात नाहीये, केंद्र सरकारची संस्था आहे, १९८९ पासूनची.

पण पाच वर्षांची मुदत हेच त्याचं विषही आहे. तारीख लांब असली की वही उघडत नाही माणूस. मी दोन सेशन असेच घालवले. शेवटी बायकोला सांगितलं की ऑक्टोबरचा फॉर्म तू भर आणि मला नंतर सांग.

दहावीच झालेली नसेल तर हिशोब वेगळा. माझ्या चुलत भावाची बायको, दत्तवाडीला राहतात, पोळीभाजी केंद्रात काम करतात. नववीत शाळा सुटली. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या एनआयओएसच्या पुस्तकात पहिल्याच पानाला माझी झोप लागली, मला समोर कोणीतरी उभं लागतं." बरोबर आहे. त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म की रात्रशाळा असा प्रश्न होता. १७ नंबर भरला की तुम्ही खासगी विद्यार्थी, अभ्यास घरी आणि परीक्षा बोर्डाची, शाळा तुम्हाला रोज शिकवणार नाही. कामाच्या वेळा सतत बदलणाऱ्याला ते बरं पडतं. पण गणिताचं काय होतं माहितेय का, बाकीचे विषय वाचून निघतात, गणित भाग एक आणि भाग दोन वाचून निघत नाही, वर्गसमीकरण आणि समरूपता एकटीने स्वयंपाकघरात बसून कोण करणार. वहिनींना बाजीराव रोडची पूना नाईट हायस्कूल पायी जाण्याच्या अंतरावर आहे, संध्याकाळचे तास, समोर शिक्षक, आणि वर्गात आपल्यासारखेच दिवसभर राबून आलेले लोक. मी म्हटलं डोळे झाकून तिथे जा. मी स्वतः भोसरीहून नाशिक फाट्याला मेट्रो धरून मंडईला रोज उतरलो असतो तर मात्र घरी यायला साडेदहा-अकरा आणि सकाळी सातला परत शटर, माझ्याच्याने महिनाभरसुद्धा झालं नसतं. म्हणजे रात्रशाळा चांगली की वाईट हे तुम्ही राहता कुठे यावर आहे. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, मासिक पास आता १५०० झालाय तोपण धरा.

इग्नू, म्हणजे दिल्लीचं केंद्र सरकारचं मुक्त विद्यापीठ, त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते म्हणून जरा सविस्तर. बीएस्सीला सायन्सची बारावी मागतात, त्यामुळे कॉमर्सवाला सरळ आत जात नाही, हे आधी समजून घ्या, मला हे तिसऱ्या फोनला कळलं. आत गेलात तर कोर्स चांगला आहे. गणितातला पहिला पेपर कॅलक्युलसचा, सहा क्रेडिटचा, ३० टक्के असाइनमेंट, ७० टक्के परीक्षा, परीक्षा जूनला आणि डिसेंबरला, तीन वर्षांचा कोर्स सहा वर्षांपर्यंत ओढता येतो. फी वर्षाला चार आकडीच, शिवाय दर पेपरची परीक्षा फी वेगळी, ती २०० च्या हिशोबाने धरा. मराठीत नाहीये.

आता पुण्याची गंमत बघा. इग्नूसारख्या कोर्सचे मार्गदर्शनाचे तास जिथे कुठे होतात तिथे बहुतेक शनिवार-रविवार. आणि आमची एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, कारण गुरुवारी लाइट जाते. रविवारी काउंटर चालू. म्हणजे ज्या कामगारासाठी हे सगळं आहे म्हणतात त्यालाच ते तास मिळत नाहीत. एका केंद्रावर मी हे बोललो तर तिथला माणूस म्हणाला रविवारी सुट्टी टाका ना. रविवारी सुट्टी टाकली तर सातशे रुपये कापतात दादा.

म्हणून माझं मत असं की इग्नूचा उपयोग दोन टप्प्यांत करा. आधी फुकटात: त्यांची सगळी छापील युनिट, म्हणजे धडे, त्यांच्या ई-ज्ञानकोश साइटवर पीडीएफ आहेत, अ‍ॅडमिशन न घेता वाचता येतात, आणि ती खरंच एकट्याने शिकणाऱ्यासाठी लिहिलेली आहेत, मध्येमध्ये प्रश्न, शेवटी उत्तरं. त्यातलं पहिलं ब्लॉक, म्हणजे युनिटांचा पहिला गठ्ठा, स्वतः सोडवून झालं तरच पैसे भरा. नाही झालं तर वाचलेत तुमचे पैसे.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं पण लोक विचारतात. मराठीत शिकायला मिळतं हा मोठाच फायदा आणि पुष्कळ लोकांचं तिथे भलं झालंय, पण बीए-बीकॉममध्ये गणित फार हाती लागत नाही. डिग्री हवी असेल तर तिकडे, गणित हवं असेल तर इकडे.

मोबाइलवरचं आता पटकन. खान अकॅडमी फुकट, मराठीतही आहे, आणि तिची खरी ताकद व्हिडिओत नाही, सरावात आहे, चुकलं की लगेच सांगते आणि मागच्या इयत्तेवर पाठवते. मला सातवीच्या अपूर्णांकांवर पाठवलं, तीन दिवस लाज वाटली, मग बरं वाटलं, कारण माझं सगळं गणित तिथेच अडत होतं: ऋण चिन्ह आणि अपूर्णांक. स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, त्यावरचे एनपीटीईएलचे कोर्स आयआयटीवाल्यांचे, शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर हजार रुपये, दर आठवड्याला असाइनमेंट असते म्हणून तारीख आपोआप पाळली जाते. पण ते बारावी गणित पक्कं झाल्यावर. आत्ताच उडी मारलीत तर दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडाल, मी पडलोय.

लॉ कॉलेज रोडजवळ भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ ला सुरू केलेलं, तिथे शाळकरी पोरांची गणित ऑलिंपियाड स्पर्धेची तयारी चालते. आपल्यासाठी नाही ते, पण पोरगी हुशार निघाली तर लक्षात ठेवलंय.

आणि वही तपासणं. हे कुठेच मिळत नाही, ना अ‍ॅपमध्ये ना पीडीएफमध्ये. उत्तर बरोबर आलं तरी पायरी चुकीची असते आणि परीक्षेत मार्क पायऱ्यांना. एका मास्तरांनी तासाला पाचशे सांगितले, मी नमस्कार केला. मग आमच्याच बिल्डिंगमध्ये कॉट बेसिसवर राहणारा इंजिनिअरिंगचा पोरगा सापडला, लातूरकडचा, त्याला सांगितलं की शिकवू नको, दर गुरुवारी अर्धा तास फक्त माझी वही बघ आणि लाल पेन मार. महिन्याला चारशे आणि गुरुवारचं जेवण. "काका तुम्ही बरोबरच्या पलीकडे नेताना चिन्ह बदलता ते का बदलतं ते लिहा आधी," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला, आणि खरं सांगतो, वीस वर्षं मी ते चिन्ह नुसतंच बदलत होतो. पुण्यात अशी पोरं पेठापेठांत आहेत, त्यांना जेवण हवं असतं आणि आपल्याला लाल पेन.

कुणी बँकेच्या किंवा भरतीच्या परीक्षेसाठी हे वाचत असेल तर यातलं काहीच करू नका, तुम्हाला सर्टिफिकेट नको, तुम्हाला वेग हवाय, शेकडेवारी, काळ-काम, सरासरी घड्याळ लावून सोडवा. पॉलिटेक्निक डिप्लोमा करायचा असेल तर दहावीच्या गणितावर जाता येतं, बारावीच्या मागे लागू नका. बीएस्सी कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र बारावीचं गणित टाळायचा विचार सोडा.

मी स्वतः घेतलं ते असं: एनआयओएस ३११ एकच विषय, त्याआधी चार महिने बालभारतीचं दहावीचं पुस्तक दोन्ही भाग, रात्री खान अकॅडमी, गुरुवारी लाल पेन. दहावीतल्या अर्थनियोजनात जीएसटी आलं तेव्हा त्या पोराला मीच शिकवलं, काउंटरला रोज तेच करतो ना. त्रिकोणमितीत सध्या अडकलोय.

वहिनींचा रात्रशाळेचा फॉर्म जूनला भरायचाय. माझा एनआयओएसचा फॉर्म एकदा परत आला होता, कारण मार्कशीटवर वडलांचं नाव ज्ञानेश्वर आणि आधारवर ज्ञानदेव. तेवढं फॉर्म उघडायच्या आधी तपासून घ्या, माझे तीन गुरुवार त्यातच गेले.