पीएफचं ऑनलाइन पासबुक आणि सदस्य पोर्टल: सातपूर-अंबडच्या कामगाराला कितपत कामाचं?

पगार पावतीवर पीएफपोटी १,५६० रुपये कापल्याचं छापलेलं असतं. ते पैसे फंडात भरले गेले की मालकाकडेच राहिले, याचा पत्ता पावतीवरून लागत नाही. तो लागतो कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या ऑनलाइन पासबुकात. नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर-मुसळगाव या कारखान्यांच्या पट्ट्यात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या पुष्कळ माणसांच्या हाती नेमणूकपत्र नसतं, पगार पावतीही कधी मिळते कधी नाही. त्यांच्यासाठी हे पासबुक फंडाच्या हिशोबाबरोबरच आपण कुठे, कधीपासून, किती पगारावर कामाला होतो याचा पुरावा आहे. असा पुरावा घरबसल्या, फुकट देणाऱ्या सोयी कामगाराला फार थोड्या आहेत. म्हणून ती बारकाईने वापरायला शिकणं गरजेचं आहे.

आधी निकाल सांगून टाकतो: माहिती दाखवण्यात ही सेवा उत्तम आहे, पैसे देण्यात आता बरीच सुधारली आहे, आणि चूक दुरुस्त करण्यात अजूनही माणसाचा जीव काढते. त्या चुका बहुतेक वेळा कामावर रुजू होतानाच्या दिवशीच झालेल्या असतात.

दारातून आत शिरताना

प्रत्येक सदस्याला १२ आकडी यूएएन, म्हणजे युनिव्हर्सल अकाउंट नंबर मिळतो. कंपनी बदला, ठेकेदार बदला, हा नंबर जन्मभर तोच राहतो. त्याखाली प्रत्येक नोकरीचा वेगळा सदस्य क्रमांक लागतो. यूएएन आता सरकारच्या उमंग ॲपमधून चेहरा दाखवून काढता आणि सुरू करता येतो. त्यासाठी फोनमध्ये आधारचं चेहरा ओळखणारं ॲप लागतं आणि आधारला स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडलेला लागतो. खरी अडचण इथेच येते. आधारला गावाकडच्या भावाचा नंबर असतो, किंवा भरतीच्या वेळी घाईत मुकादमाचा नंबर दिलेला असतो. मग ओटीपी दुसऱ्याच्याच फोनवर जातो. पहिलं काम म्हणून आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या, बाकी सगळं नंतर.

पासबुक पोर्टलच्या वेगळ्या पानावर उघडतं. नवीन नोंदणी केली असेल तर ते लगेच दिसत नाही, साधारण सहा तास जावे लागतात. इंटरनेट नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा आणि शिल्लक यांचा संदेश येतो. ज्याला फोनवर फार काही जमत नाही त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

पासबुकातली एक ओळ कशी वाचायची

समजा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहेत. तुमच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,५६० कापले जातात. मालकानेही १२ टक्के, १,५६०च भरायचे असतात. पण पासबुकात मालकाच्या रकान्यात फक्त ४७७ दिसतात आणि माणूस घाबरतो, की कंपनीने पैसे खाल्ले. तसं नसतं. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के, इथे १,०८३ रुपये, पेन्शनच्या रकान्यात जातात आणि उरलेले ४७७ फंडात. पगार १५,००० असेल तर आकडे १,८००, ५५० आणि १,२५० असे. पेन्शनचा भाग १,२५० च्या वर जात नाही, कारण १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनमर्यादा १५,००० आहे. त्याहून जास्त पगारावर काही कंपन्या पूर्ण १२ टक्के भरतात, काही १,८०० वर थांबतात, दोन्ही चालतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पेन्शनच्या रकान्यावर व्याज मिळत नाही, ती बेरीज तशीच्या तशी हातात येत नाही. आणि व्याज वर्षाचा हिशोब झाल्यावर एकदम जमा होतं, म्हणून मधल्या महिन्यांत ते दिसलं नाही तर गडबड समजू नये. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता.

आता ओळीतला पगाराचा आकडा पाहा. जुलैचा भरणा १५ ऑगस्टपर्यंत व्हायला हवा. तेव्हा २५ ऑगस्टच्या आसपास पासबुक उघडा आणि जुलैची हजेरी शेजारी ठेवा. २६ दिवस भरले असताना १५ दिवसांच्या पगारावर भरणा दिसला, तर कागदोपत्री तुमचे बिनपगारी दिवस वाढवलेले असू शकतात. त्याने फंड कमी होतोच, पेन्शनसाठीची सेवाही कमी मोजली जाते.

दुसरी नेहमीची खोड बेसिक कमी दाखवण्याची. हातात १८,००० आणि बेसिक ८,०००. बाकी सगळं ‘विशेष भत्ता’, ‘कपडे धुलाई’, ‘प्रवास’ अशा नावांनी. मग पीएफ फक्त ९६० कापला जातो. हातात चार पैसे जास्त येतात म्हणून कामगारही बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात सांगितलं आहे, की सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफसाठी पगारातच धरायचा. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस हे वेगळे. तुमच्या खात्यातल्या सगळ्यांना दरमहा तोच ‘विशेष भत्ता’ ठरावीक मिळत असेल, तर त्यावरचा पीएफ मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणि तिसरी, सगळ्यात संतापजनक: १३,००० पगार ठरलेला असताना ३,१२० कापायचे, म्हणजे मालकाचा हिस्साही कामगाराच्याच खिशातून. मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या वेतनातून वळता करायचा नाही, असं योजनेतच स्पष्ट लिहिलेलं आहे. कामगाराचा हिस्सा कापून तो न भरणं हा तर फौजदारी विश्वासघात होतो. पावती आणि पासबुक शेजारी ठेवलं की ही चोरी एका मिनिटात उघडी पडते.

लॉगिन न करता दिसणारी माहिती

ईपीएफओच्या संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’ नावाची सोय आहे. या सेवेचा हा सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात ताकदवान भाग. कंपनीचं किंवा ठेकेदाराचं नाव टाका, यादीतून योग्य पत्ता निवडा आणि ‘व्ह्यू पेमेंट डिटेल्स’ दाबा. कोणत्या महिन्याचे पैसे, किती, कोणत्या तारखेला आणि किती कामगारांचे भरले, हे समोर येतं. यूएएन लागत नाही, पासवर्ड लागत नाही. गेटवर ठेकेदाराची ८० माणसं उभी असतात आणि यादीत ३५ दिसतात, तर उरलेल्या ४५ जणांनी काय समजायचं ते समजावं. कायदा २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही, म्हणून तक्रारीत ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचं नाव घालायचं विसरू नका.

नाव शोधताना एक काळजी घ्या. ठेकेदाराच्या बोर्डावरचं नाव आणि नोंदणीचं नाव निराळं असतं. पगार पावतीवर किंवा गेटपासवर छापलेलं पूर्ण नाव वापरा.

जिथे गाडं अडतं: नाव आणि जन्मतारीख

क्लेम, म्हणजे पैसे काढण्याचा दावा, नाकारला जाण्याचं मोठं कारण म्हणजे आधार, पॅन, बँक आणि पीएफ यांतल्या नावांचा न जुळणारा मेळ. मराठी नावांना हा त्रास जरा जास्तच होतो. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर डी-एन-वाय ने सुरू होतं, दुसऱ्यावर जी ने. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. लग्नानंतर बाईचं आधार सासरच्या नावाने आणि बँक खातं माहेरच्या. जन्मतारखेचं तर विचारूच नका: शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, आधारला फक्त वर्ष सांगितलं म्हणून १ जानेवारी लागली, आणि कंपनीच्या कारकुनाने तिसरीच टाकली.

जानेवारी २०२५ पासून इथे चांगला बदल झाला आहे. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारने पडताळलेला यूएएन असेल, तर नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव, जोडीदाराचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हे सदस्याला स्वतःच बदलता येतं. मालकाची मंजुरी लागत नाही. त्याआधीच्या यूएएनला मालकाच्या सहीशिवाय पुढे जात नाही. बंद पडलेल्या कारखान्याच्या जुन्या कामगाराची फरफट होते ती नेमकी इथे, आणि हा या सेवेतला मोठा दोष आहे. दुरुस्तीचा क्रम मात्र पाळा: आधी आधार बरोबर करून घ्या, मग पॅन, मग बँक, शेवटी पीएफ. उलट क्रमाने गेलात तर तीच दुरुस्ती दोनदा करावी लागते.

सोडल्याची तारीख

काम सोडल्यावर कंपनीने ही तारीख टाकली नसेल तर ना पूर्ण पैसे काढता येतात, ना खातं नीट पुढे जातं. पूर्वी यासाठी जुन्या मालकाच्या पाया पडावं लागायचं. आता शेवटचा भरणा होऊन दोन महिने गेले, की ‘मॅनेज’ मध्ये ‘मार्क एक्झिट’ उघडून आधार ओटीपीने ती स्वतः भरता येते. तारीख शेवटच्या भरण्याच्या महिन्यातलीच टाका. घाईत चुकीची टाकली तर ती तिथेच बदलता येत नाही, वर सांगितलेली दुरुस्तीची वाट धरावी लागते. नवीन नोकरीची रुजू तारीख जुनीच्या सोडल्याच्या तारखेच्या आधीची झाली, तर दोन सेवा एकमेकींवर चढतात आणि पेन्शनचा हिशोब अडकतो. हे नेहमी घडतं.

फंड काढायचा की पुढे न्यायचा

ठेकेदार बदलला की फंड काढायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. पोर्टलने पैसे काढणं सोपं केल्यामुळे ती आणखी वाढली आहे, आणि त्यात कामगाराचंच नुकसान आहे. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि ती ५८ व्या वर्षापासून सुरू होते. सूत्र असं: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार, गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार १५,००० आणि सेवा १० वर्षं, तर महिन्याला २,१४३ रुपये. २० वर्षं झाली की दोन वर्षं जादा धरतात, मग ४,७१४. रक्कम मोठी नाही, पण मरेपर्यंत मिळते आणि मागे जोडीदारालाही कुटुंब पेन्शन असते. ज्याने तीन-तीन वर्षांनी दहा-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढले, त्याची सेवा दर वेळी शून्यावर आली. पाच वर्षांच्या आत ५०,००० पेक्षा जास्त फंड काढला तर १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात, तोही वेगळा. खातं जोडत नेलं तर जुनी-नवी सेवा एकत्र मोजतात.

नोकरी सोडून तीन वर्षं झाली की व्याज बंद होतं, असं चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. ते खरं नाही. ५८ पर्यंत व्याज चालू राहतं.

तरी पैसे काढायचेच असतील तर ‘ऑनलाइन सर्व्हिसेस’ मधून क्लेम करा. बँक खात्याच्या पडताळणीसाठी चेकचा फोटो चढवायची अट एप्रिल २०२५ मध्ये गेली. धूसर फोटोमुळे कितीतरी क्लेम परत यायचे, ते थांबलं. अग्रिम रकमेचे ५ लाखांपर्यंतचे दावे संगणकच तपासून मंजूर करतो. नियमाने दावा २० दिवसांत निकाली निघाला पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पूर्ण फंड काढण्यासाठीची बेकारीची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने आणि पेन्शनच्या पैशांसाठी छत्तीस महिने करण्याचा निर्णय घेतला. म्हणून यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जी अट दिसते ती वाचा.

कामगाराच्या बाजूची कामं

हक्क मागताना आपली बाजूही साफ लागते. रुजू होताना फॉर्म ११ मध्ये आधीचा यूएएन खरा सांगा. ‘पहिलीच नोकरी आहे’ असं लिहून दुसरा यूएएन काढला तर पुढे दोन्ही जोडताना घाम फुटतो. आजारपणाचं खोटं कारण देऊन अग्रिम उचलू नका. पासवर्ड आणि ओटीपी सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नका. बँक खातं बदलायला तेवढं पुरतं.

आणि ई-नॉमिनेशन आजच भरा. लग्नाआधी आईचं नाव लावलं असेल तर लग्नानंतर ते नामांकन बाद होतं, नवीन भरावंच लागतं. फोटो, आधार आणि टक्केवारी भरून ई-साइन झाल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. बरेच जण ‘सेव्ह’ दाबून तिथेच थांबतात. कामगार नोकरीत असताना गेला तर घरच्यांना ठेवसंलग्न विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक रुपयाही जात नाही. हा विमा आहे हेच अनेक घरांना माहीत नसतं, ही फार वाईट गोष्ट आहे.

तक्रार करताना

‘ईपीएफआयजीएमएस’ या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार नोंदवता येते. ‘माझा पीएफ भरला नाही, न्याय द्या’ एवढंच लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. ‘मार्च ते जून २०२५, चार महिने, दरमहा १,५६० कापले, पासबुकात नोंद नाही’ असं लिहा. सोबत चार पावत्या, पगार जमा झाल्याचं बँकेचं पान आणि पासबुकाची पीडीएफ जोडा. पावती नसेल तर हजेरी कार्डाचा, गेटपासचा फोटो चालतो. नोंदणी क्रमांक जपून ठेवा, स्मरणपत्र त्यावरच पाठवता येतं.

ऑनलाइनने भागलं नाही तर नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयात जा, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरणाऱ्या ‘निधी आपके निकट’ शिबिरात. २७ ला सुट्टी असेल तर ते पुढच्या कामाच्या दिवशी असतं. जाताना आधार, पॅन, पासबुकाची छापील प्रत आणि बँक पासबुक सोबत घ्या, आणि आधारला जोडलेला फोन चार्ज करून न्या, कारण समोरच्या खिडकीवरही ओटीपी मागतात.