हार्ट ट्रान्सप्लांटनंतर पोटासाठी काय घ्यावं: प्रोबायोटिक, दही की इसबगोल?

ट्रान्सप्लांट होऊन माणूस इंदूरला घरी आला की नातेवाईकांपैकी कोणीतरी सांगतंच, एवढ्या गोळ्या चालू आहेत तर प्रोबायोटिक सुरू करा. सल्ला अगदीच हवेतला नाहीये. हृदय बदललेल्यांच्या आतड्यात बॅक्टेरियाची विविधता कमी झालेली दिसते, आणि याची सुरुवात ऑपरेशनच्या आधीच झालेली असते, कारण हार्ट फेल्युअरमध्ये आतड्याला रक्त नीट पोचत नाही, मग वरून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड (शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून इम्युनिटी दाबणारी औषधं) आणि अँटिबायोटिक.

पण प्रोबायोटिकची कॅप्सूल म्हणजे जिवंत जंतू, आणि इथे इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. मेडिकलवर सर्रास मिळणाऱ्या काही पाकिटांत सॅकरोमायसिस बोलार्डी नावाचं यीस्ट असतं, ते अशा पेशंटच्या रक्तात शिरून इन्फेक्शन झाल्याच्या केसेस आहेत, लॅक्टोबॅसिलसच्याही आहेत, क्वचित पण आहेत. आणि कॅप्सूलने नवं हृदय जास्त टिकतं असं कुणी दाखवलेलं नाही. मी तरी यावर पैसे घालणार नाही.

दही बरं, हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट टीमने हो म्हटलं असेल तर. दूध पाश्चराइज्ड पाकिटातलं, तेही उकळून, भांडं स्वच्छ, आणि विरजण शेजारच्या काकूंकडून वाटीत आणलेलं नको, त्यांच्या फ्रिजमध्ये ते किती दिवसांचं आहे कोणाला माहीत! सराफ्यातली, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, लस्सी सध्या विसरा.

माझं मत फायबरला. ज्वारीची भाकरी, वरण, शिजवलेली भाजी, यातलं जे आपल्याला पचत नाही ते आतड्यातले बॅक्टेरिया खातात आणि ब्युटिरेट नावाचं द्रव्य तयार करतात, आतड्याचं अस्तर त्याच्यावर जगतं. बाहेरून जंतू आणायची भानगडच नाही. इसबगोल तर नीमचच्या मंडीतून येतं, स्वस्त पडतं, फक्त भरपूर पाण्याबरोबर आणि गोळ्यांपासून दोन-तीन तास लांब, आणि एकदम दोन चमचे घेऊ नका, गॅस धरतो.

आता खरी गोम टॅक्रोलिमसची. फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी नावाचा चांगला म्हणवला जाणारा बॅक्टेरियाच हे औषध मोडून कमजोर करतो, हे 2019 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, आणि त्याआधी किडनी बदललेल्यांमध्ये ज्यांच्या पोटात हा जास्त त्यांना डोस जास्त लागलेला. उलट जुलाब झाले की टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल वर जाते, कारण हे औषध मोडणारी आतड्याच्या भिंतीतली यंत्रणाच बिघडते, आणि जुलाब मायकोफेनोलेटनेही होतात. म्हणजे तिन्हीपैकी काहीही सुरू किंवा बंद केलं तर टीमला सांगायचं, आणि पातळ होतंय म्हणून स्वतःच प्रोबायोटिकचं पाकीट फोडायचं नाही, आधी फोन, मग लेव्हल, आणि लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, गोळी खिशात घेऊनच लॅबला जा.