जंत मोजायचे की ओळखायचे?

फेब्रुवारीत इंदुरातली पोरं शाळेत जंताची गोळी चघळतात, ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल. पण जंत गेले का, हे कळायला शौचतपासणीच लागते.

जुनी रीत काटो-काट्झ. साच्यातून ४१.७ मिलिग्रॅम शौच काचपट्टीवर घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची, २४ ने गुणायचं; झाली दर ग्रॅमची संख्या. स्वस्त आणि सरळ. फक्त अंकुशकृमीची (हुकवर्म, जंतांचाच एक प्रकार) अंडी पट्टीवरच्या ग्लिसरिनमुळे तासाभरात दिसेनाशी होतात, म्हणजे पट्टी केली की आधी तपासणी, चहा नंतर! शिवाय जंत थोडे असले तर ते सहज निसटतात.

नवी रीत पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखायचा. सुटसुटीत पीसीआर यंत्र शौचातला जंतांचा डीएनए शोधतं. थोडे जंतही सापडतात. अंकुशकृमीच्या दोन जातींची अंडी डोळ्यांना सारखीच दिसतात, त्याही वेगळ्या ओळखता येतात. मात्र खरी मेहनत यंत्राआधीची: अंड्याचं कवच चिवट, ते बारीक मण्यांसोबत घुसळून फोडावं लागतं. काही रसायनांना फ्रीज हवा, आणि आपल्याकडचा मे महिना ठाऊकच आहे.

जंत भरपूर असलेल्या गावात मी काचपट्टीच घेईन. गोळ्यांच्या बऱ्याच फेऱ्यांनंतर, आता थांबायचं का हे ठरवायचं असेल, तर पीसीआर.