इंटेल पी-स्टेट, आठ महिन्यांनंतर: नकार बरोबर, मौन चूक

लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नल ५.१५ वर, आठ महिने रोज काम करतोय; इंटेल प्रोसेसरचा वेग सांभाळणारा त्यातला ड्रायव्हर म्हणजे पी-स्टेट. परवा पंखा पुन्हा घोंघावायला लागला, म्हणून लिहायला बसलो.

मला जुना ऑनडिमांड गव्हर्नरच (काम वाढलं की वेग वाढवणारं धोरण) हवा होता. पॉवरसेव्ह या दुसऱ्या गव्हर्नरचं नाव वाचूनच धसका घेतला होता, कारण जुन्या ड्रायव्हरवर तो प्रोसेसरला सगळ्यात कमी वेगावर खिळवून ठेवायचा. पी-स्टेट अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह एवढेच गव्हर्नर देतो, म्हणून एसीपीआय-सीपीयूफ्रीक हा जुना ड्रायव्हर चढवायला गेलो. मॉड्यूल (ड्रायव्हरचा सुटा भाग) चढवणारी मॉडप्रोब कमांड चालवली, एरर नाही. एलएसमॉडने चढलेल्या मॉड्यूल्सची यादी पाहिली, तर मॉड्यूलचा पत्ता नाही! पुन्हा चालवली, पुन्हा तेच. यात दोन संध्याकाळी गेल्या.

कारण असं: कर्नलमध्ये एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी ड्रायव्हर नोंदवता येतो. पी-स्टेट कर्नलमध्येच बांधलेला, त्यामुळे जागा आधी तोच धरतो. मागून आलेला ड्रायव्हर 'ईएक्झिस्ट' (आधीच आहे) हा कोड देऊन परत फिरतो, आणि मॉडप्रोब त्याचा अर्थ 'मॉड्यूल आधीच चढलंय' असा लावून गप्प बसतं. नकार योग्यच आहे. एकाच प्रोसेसरला दोघांनी वेग सांगायचा म्हणजे गोंधळच. पण तो नकार माणसाला ऐकूच येऊ नये, हे मला आजही पटत नाही. लॉगमध्ये एक ओळ पुरली असती.

मग पी-स्टेटच्या स्टेटसच्या फाइलमध्ये 'ऑफ' लिहिलं. उत्तर: डिव्हाइस बिझी. एचडब्ल्यूपी (चिपनेच आपला वेग ठरवायची सोय) एकदा सुरू झालं की रीबूटशिवाय सुटत नाही. शेवटी बूटच्या ओळीत पी-स्टेट डिसेबल करून तीन आठवडे ऑनडिमांड वापरला आणि माझं मत फिरलं. ऑनडिमांडवर कंपाइल सुरू केल्यावर वेग चढायला जो उशीर लागे, तो पी-स्टेटवर परतल्यावर जाणवला नाही. इथल्या पॉवरसेव्हमध्ये वेग चिप स्वतः ठरवते. मी उगाच नावाला घाबरलो होतो. ऑनडिमांडच हवा असेल तर पी-स्टेटचाच पॅसिव्ह मोड आहे, त्यासाठी ड्रायव्हर बदलावा लागत नाही.

आणि पंखा? वीज वाचवणाऱ्या दोन सर्व्हिस एकाच एनर्जी प्रेफरन्सच्या (वेग की बचत, हे चिपला सांगणाऱ्या) फाइलमध्ये आळीपाळीने लिहीत होत्या. ड्रायव्हरसारखा पहारा तिथे नाही, जो शेवटी लिहील त्याचं चालतं. एक काढून टाकली. काल चार्जर पाच वेळा लावून-काढून पाहिला. फाइलमध्ये 'बॅलन्स परफॉर्मन्स' जागचं हललं नाही.