काटो युनिट्रॅक, एन गेज: एकटीने खेळून आणि चार जणांत जोडून बघितल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते. एन गेजमध्ये, म्हणजे टेबलावरच्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या एका मापात, पहिल्यांदा रूळ घेणार असाल आणि घर आपल्यासारखंच वन बीएचके नाहीतर टू बीएचके असेल तर काटोचा युनिट्रॅक घ्या. स्वस्त अजिबात नाही, इथे मागवायचा म्हणजे कस्टम्स आणि कुरिअर धरून अजूनच महाग पडतो, तरीपण घ्या. इंजिनांबद्दल सगळे भरभरून लिहितात आणि रुळांबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण माझं आता पक्कं मत झालंय की हा छंद पुढे घरात एकट्याने चालणार की चार लोकांत जाणार हे इंजिनापेक्षा रूळ कुठला घेतलाय त्यावर जास्त ठरतं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एन गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटर, गाडी साधारण खऱ्या गाडीच्या 160व्या भागाएवढी. काटो ही जपानी कंपनी, 1965 साली त्यांनी सी50 हे वाफेचं इंजिन एन गेजमध्ये काढलं आणि तेव्हापासून याच मापात ते पाय रोवून आहेत. युनिट्रॅकमध्ये रूळ, स्लीपर आणि खालची खडी असं सगळं एकाच तुकड्यात येतं, रुंदी 25 मिलिमीटर. म्हणजे टेबलावर ठेवा, जोडा, वायर लावा, गाडी सोडा. डिंक नको, खिळे नकोत, सोल्डरिंग नको.

आता खरी गंमत कशात आहे ते सांगते, ती जॉइनरमध्ये, म्हणजे दोन तुकडे जोडणाऱ्या भागात, आहे. तुकड्याच्या टोकाला एक छोटंसं प्लॅस्टिकचं क्लिप असतं आणि त्याच्या आत धातूची पातळ पट्टी, ही पट्टी समोरच्या रुळाला पकडते आणि करंट पुढे नेते, तर प्लॅस्टिक समोरच्या खडीच्या तोंडात जाऊन टक् करून बसतं. म्हणजे ताण प्लॅस्टिक सोसतं आणि वीज धातू नेतो, दोन कामं दोघांनी वाटून घेतलेली. इतर बऱ्याच रुळांत ही दोन्ही कामं एकाच पातळ पत्र्यावर असतात आणि दहा-वीस वेळा जोडलं-सोडलं की तो ढिला होतो आणि मग गाडी एका ठरावीक जागी अडखळायला लागते. इथे जॉइनर ढिला झाला तर फक्त तो बदलायचा, तुकडा टाकायचा नाही. काढायला काटोच्या रीरेलरचं, म्हणजे गाडी रुळावर चढवायची जी घसरपट्टी मिळते तिचं, मागचं टोक वापरायचं, नखाने आणि स्क्रूड्रायव्हरने खटपट करू नका. आणि जोडताना दोन्ही तुकडे सपाट जागेवर ठेवून सरळ रेषेत सरकवा, हवेत धरून तिरके घुसवू नका, पट्टी रुळाच्या खाली न जाता बाजूला गेली तर वरून कळत नाही पण करंट तिथेच तुटतो.

एकट्याने खेळणाऱ्यासाठी याचं महत्त्व काय, तर आपल्याकडे कायमची मांडून ठेवायला खोली नसते. परदेशी लोक गॅरेज आणि तळघर म्हणतात, आपल्याकडे जेवायचं टेबल आहे आणि तेही साडेआठला रिकामं करून द्यावं लागतं. युनिट्रॅकवर मी रोज वेगळं स्टेशन मांडते आणि रोज उचलते. दोन फूट रुंद प्लायवर 249 मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आरामात बसतं, 282 चंही जेमतेम बसतं पण मग काठाला बोटभरसुद्धा जागा उरत नाही आणि गाडी घसरली तर थेट जमिनीवर, म्हणून काठाला पट्टी ठोकून घ्या. पॉइंटची, म्हणजे गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणाऱ्या तुकड्याची, मोटर खडीच्या आतच लपवलेली असते त्यामुळे टेबलाला खालून भोक पाडायचा प्रश्नच येत नाही, भाड्याच्या घरातल्या टेबलावरसुद्धा यार्ड उभं राहतं. शिवाय पॉइंट ज्या बाजूला वळवलाय त्याच लाइनला करंट जातो (चार नंबरच्या पॉइंटला ही सोय खालच्या स्क्रूने चालू-बंद करता येते), त्यामुळे सायडिंगला एक इंजिन उभं करून दुसरं फिरवायचं असेल तर जास्तीची वायरिंग काही लागत नाही. मला स्वतःला शंटिंग फार आवडतं, एक छोटं इंजिन, पाच डबे, तीन लाइन, आणि ठरलेल्या क्रमाने रेक, म्हणजे डब्यांची रांग, लावायची. हे एकट्यानेच करावं असं मला मनापासून वाटतं. कोणी मागे उभं राहून अरे आता हा डबा काढ असं म्हणायला लागलं की त्यातली मजाच जाते.

पण एकट्याच्या टेबलाला मर्यादा आहे आणि ती आकड्यांतच दिसते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनमुळे ई5 शिंकान्सेनचं नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत झालं, काटो ती गाडी एन गेजमध्ये बनवतं आणि दिसायला अप्रतिम आहे, लांब नाक आणि हिरवा रंग अगदी बरोब्बर. खरी गाडी दहा डब्यांची, 253 मीटर लांब. 160 ने भागा, एक मीटर 58 सेंटीमीटर येतात. चार फुटी बोर्डवर पूर्ण रेक लावली तर नाक आणि शेपूट समोरासमोर येतात, बघवत नाही. डेक्कन क्वीनचा हिशोब करा, सोळा एलएचबी डबे म्हणजे जवळजवळ दोन मीटर 40, इंजिन वेगळं. आणि भोर घाट करायचं मनात असेल तर तिथला चढ 37 ला 1 आहे, म्हणजे काटोच्या 50 मिलिमीटर उंचीच्या खांबापर्यंत खऱ्या चढाने जायचं तर एक मीटर 85 सेंटीमीटर सलग लांबी पाहिजे, नुसतं वर जायला, उतरायला परत तेवढीच. घरात हे होत नाही. इंजिनाची ताकद कमी पडत नाही, जागा कमी पडते.

इथेच बाकीची माणसं लागतात, आणि इथेच हा रूळ दुसऱ्यांदा उपयोगी पडतो.

टी-ट्रॅक नावाची एक पद्धत आहे. जपानमधले टेबलावर मांडायचे छोटे मॉड्यूल बघून अमेरिकेतल्या ली मोनॅको-फिट्झजेराल्ड यांनी 2000 सालच्या आसपास ती तिकडे सुरू केली आणि पुढे बऱ्याच देशांत पसरली. कल्पना इतकी साधी आहे की आपल्याकडे ती घराघरात असायला हवी होती. प्रत्येकाने लाकडाची एक छोटी पेटी बनवायची, लांबी 308 मिलिमीटर, त्यावर समोरच्या काठाकडे युनिट्रॅकच्या दोन लाइन टाकायच्या, दोन लाइनमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत 33 मिलिमीटर अंतर. प्रत्येक लाइनला एक 248 चा आणि एक 62 चा तुकडा, बेरीज 310. म्हणजे रूळ पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर बाहेर डोकावतो, आणि त्या एका मिलिमीटरवर सगळा खेळ चालतो, कारण दोन पेट्या शेजारी आणल्या की लाकूड लाकडाला टेकायच्या आधी रूळ रुळाला भेटतो आणि जॉइनर टक् करून बसतो. क्लॅम्प नाही, बोल्ट नाही, पेटीला खाली पाय म्हणून स्क्रू असतात ते फिरवून टेबलाचा उंचसखलपणा काढायचा. दुहेरी पेटी 618 ची. याच्या आधीची एनट्रॅक पद्धत 1970 च्या दशकातली, त्यात चार फुटी मॉड्यूल असतात, ते रिक्षात घालून न्यायचे म्हणजे कठीणच. टी-ट्रॅकच्या चार पेट्या खांद्यावरच्या पिशवीत बसतात आणि लोकलमध्ये सेकंड क्लासच्या रॅकवर ठेवता येतात, गर्दीची वेळ सोडून अर्थातच.

आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी सोसायटीचा हॉल घेऊन मांडतो. एकाच्या पेटीवर भातशेती आहे, एकीने कोकणातलं छोटं स्टेशन केलंय त्याच्या फलाटावर काजू विकणारी बाई आहे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडीशीच मोठी, माझ्या पेटीवर चाळ आणि वाळत घातलेले कपडे. घरी प्रत्येकाने आपापलं एकट्याने, आपल्या वेळेला, आपल्याला हवं तसं केलेलं असतं आणि हॉलमध्ये ते जोडलं की सगळ्यांतून एकच गाडी जाते. ती ई5 तिथे पहिल्यांदा पूर्ण सरळ उभी राहिलेली मी बघितली आणि खरंच घसा दाटून आला.

सोबत आली की नियमही येतात, त्याची तयारी ठेवा. सगळ्यात मोठी भानगड वायरिंगची. काटोच्या वायरी निळी आणि पांढरी, आणि टी-ट्रॅकमध्ये पुढून मागे निळी-पांढरी-पांढरी-निळी हाच क्रम पाळायचा. एखाद्याच्या पेटीला उलटी जोडली असेल तर सगळ्या हॉलची गाडी थांबते आणि मग बावीस पेट्यांत ती एक कुठली हे शोधत बसायचं. दुसरं म्हणजे साध्या डीसीवर चालवायचं की डीसीसीवर, म्हणजे डिजिटल पद्धतीवर. डीसीवर एका लाइनवर एकच कंट्रोलर राज्य करतो, डीसीसीमध्ये प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर असतो त्यामुळे एकाच लाइनवर दोघंतिघं आपापली गाडी चालवू शकतात पण इंजिनात डीकोडर, म्हणजे तो नंबर ओळखणारी चिप, पाहिजे. हे आधीच ठरवून घ्या, हॉलमध्ये उभं राहून ठरवायला गेलात तर संध्याकाळ त्यातच जाते. आणि दुसऱ्याच्या इंजिनाला न विचारता हात लावायचा नाही, लहान मुलांना पण हे शिकवावं लागतं आणि ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

पण मिळतं पण खूप. आमच्यात एक रिटायर्ड मोटरमन काका येतात. त्यांच्याकडे स्वतःची एकही गाडी नाही. पहिल्याच दिवशी माझी गाडी फलाटावर थांबताना बघून म्हणाले, "अगं पोरी, असा एकदम पॉवर काढतेस, आतली माणसं पडतील ना. फलाटाचं टोक दिसलं की निम्म्यावर आण, मग अर्धा फलाट गेला की अजून निम्म्यावर, आणि शेवटच्या डब्याएवढी जागा उरली की नुसती सरकू दे." तेव्हापासून मी तशीच थांबवते, घरी एकटी असताना पण. कुठल्याही मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नाही.

ज्यांना असं कोणीच आसपास नाही त्यांनी निदान पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघून यावं. भाऊसाहेब जोशींनी छंद म्हणून सुरू केलेलं काम आणि 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे, दिवे मालवून रात्रीचं शहर दाखवतात तो भाग चुकवू नका. एका माणसाच्या डोक्यातलं एवढं सगळं आपल्यासमोर हलताना बघणं हीपण एक प्रकारची सोबतच आहे. आणि क्लबांची परंपरा तर जुनीच, लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब 1910 सालचा आहे.

आता उणिवा. रूळ जाड आहे, कोड 80, म्हणजे उंची 0.08 इंच, फोटो जवळून काढला की खऱ्यापेक्षा उंच दिसतो. कडेला तपकिरी रंग मारला की बराच फरक पडतो. खडी सगळीकडे एकाच राखाडी रंगाची, आपल्याकडच्या काळ्या खडीशी जुळत नाही, वरून रंग द्यावाच लागतो. खडीचा भाग आतून पोकळ असल्यामुळे टेबलावर घरघर आवाज येतो, खाली पातळ फोम किंवा योगा मॅट टाका, खालच्या मजल्यावरचेही खूश. त्रिज्या ठरलेल्या आहेत, नदीसारखी हवी तशी वळणं हवी असतील तर फ्लेक्स ट्रॅकच, म्हणजे हाताने वाकवता येणारा रूळ, घ्या, त्याला पर्याय नाही. टोमिक्स या दुसऱ्या जपानी कंपनीचे रूळ याला सरळ बसत नाहीत आणि त्यांच्या दोन लाइनमधलं अंतर 37 आहे, त्यामुळे तुमच्या ओळखीतल्या चार जणांकडे टोमिक्स असेल तर मी सांगेन की तुम्हीपण तेच घ्या, माझा हा सगळा रिव्ह्यू बाजूला ठेवून. जपानी पॉवर पॅक 100 व्होल्टचा असतो तो आपल्या 230 च्या सॉकेटला अजिबात लावू नका, स्टेप डाउन घ्या नाहीतर 12 व्होल्ट डीसीचा वेगळा कंट्रोलर घ्या. पावसाळ्यात रूळ काळे पडतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, बास. पॉलिश पेपर मारू नका, त्याच्या चऱ्यांत घाण अजून पटकन बसते.

आपल्या गाड्यांचं काय हे सगळे विचारतात. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, 160 ने भागला तर साडेदहा येतो, त्यामुळे 9 च्या रुळावर आपलं डब्ल्यूडीजी4 हे मालगाडीचं डिझेल इंजिन थोडं अरुंद पायांवर उभं राहतं, लांबून कळत नाही. मुंबई-पुण्याची मेट्रो आणि बुलेट ट्रेन 1435 ची असल्यामुळे अगदी मापात बसतात. आणि माथेरान! 610 मिलिमीटरची लाइन, 1907 ची. 76व्या भागाचे डबे हाताने बनवून ते याच 9 च्या रुळावर चालवणारे लोक जगभर आहेत, आणि काटोचे 117 त्रिज्येचे तुकडे त्या वळणांसाठीच बनवल्यासारखे वाटतात. रूळ किंचित रुंद पडतो पण नेरळहून वर जाणारी गाडी टेबलावर बघायची असेल तर मला तरी चालतं.

सुरुवात करणाऱ्यांनी एक साधा ओव्हल, दोन पॉइंट आणि थोडे जास्तीचे 248 घ्यावेत, पेटी नंतर. कल्याण-ठाणे पट्ट्यातल्या कोणाला टी-ट्रॅकच्या पेट्या बनवायच्या असतील तर प्लीज कॉर्नर बनवा, सरळ पेट्या आमच्याकडे ढीगभर आहेत. 365 बाय 365 ची पेटी, त्यावर आतून 282 आणि बाहेरून 315 ची वळणं, आणि निळी वायर दोन्ही लाइनच्या बाहेरच्या बाजूला.