खिशात मावणारं ठशांचं कार्ड

जंगली प्राण्यांच्या पावलांचे ठसे ओळखायचं हे घडीचं प्लास्टिक कार्ड दोन पावसाळे माझ्या खिशात आहे. चिखलात पडलं, धुतलं, शाई हलली नाही. चित्रं खऱ्या मापाची, कडेला सेंटिमीटरची पट्टी. ठशाशेजारी धरलं की झालं. परवा ओढ्याकाठी चार बोटांचे ठसे मिळाले. मला बिबट्याच वाटला. पण बोटांपुढे नख्यांची टोकं उमटली होती आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा. तरस! बिबट्या नख्या आत ओढून चालतो, त्याच्या तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात, हे कार्डावर ठळक दाखवलंय. विष्ठेचा भाग मात्र फारच तोकडा. हाडं खाल्ल्यामुळे तरसाची विष्ठा वाळून पांढरी पडते, एवढी सोपी खूणसुद्धा दिलेली नाही. पुढच्या आवृत्तीत ती हवीच.